बसलेला याजक

वाचकांचे प्रश्न, सिस्टरची उत्तरं

गेल्या वेळी एका उत्तरात मी 'ख्रिस्त आपला प्रमुख याजक आहेच' असं लिहून पुढे गेले होते. (याजक म्हणजे लोकांच्या वतीने देवापुढे अर्पण करणारा.) तेवढ्यावर बऱ्याच जणांचं समाधान झालेलं नाही, हे आलेल्या पत्रांवरून दिसतं. म्हणून या वेळी नव्या करारातल्या इब्री पत्रावरचे प्रश्न घेते. मी धर्मशास्त्राची पदवीधर नाही. ३१ वर्षं परिचारिका होते, निवृत्तीनंतर शास्त्राभ्यासाचा वर्ग घेते. उत्तरांत अधूनमधून वॉर्ड डोकावणार, हे आधीच सांगून ठेवते.

सिस्टर, प्रभूमध्ये सलाम. आमच्या अभ्यासगटाची गाडी तीन आठवडे मलकीसदेकापाशी अडली आहे. एक जण म्हणतो तो ख्रिस्तच होता, दुसरा म्हणतो नोहाचा मुलगा शेम. माझा प्रश्न साधा आहे. याजक ज्या लेवी वंशातून येत त्यातला येशू नव्हता, मंदिरात त्याने कधी धूप जाळला नाही, चारही शुभवर्तमानांत त्याला कुणी याजक म्हटलेलं नाही. मग इब्री पत्राचा लेखक हे आणतो कुठून?

तुमच्या गटात मलकीसदेकावर जेवढं बोलणं झालं असेल तेवढं शास्त्रात नाहीच. उत्पत्तीच्या १४व्या अध्यायात तीन वचनं, ११०व्या स्तोत्रात एक, आणि मग थेट इब्री पत्र. शालेमचा राजा आणि परात्पर देवाचा याजक. अब्राम लढाईहून परतत असताना तो भाकर आणि द्राक्षारस घेऊन सामोरा येतो, आशीर्वाद देतो, दशमांश घेतो आणि नाहीसा होतो.

उत्पत्ति म्हणजे वंशावळींचं पुस्तक. अमक्याला तमका झाला, तो इतकी वर्षं जगला आणि मरण पावला. अशा पुस्तकात या एका माणसाला बाप नाही, आई नाही, जन्म नाही, मरण नाही. इब्रीचा लेखक नेमकं त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवतो. मलकीसदेक स्वतः ख्रिस्त होता असं मला वाटत नाही. सातव्या अध्यायात त्याला देवाच्या पुत्रासारखा म्हटलंय, आणि माणूस स्वतःच स्वतःसारखा कसा असेल? शेमचं मत जुन्या यहुदी परंपरेतलं आहे, पण शेमच्या बापाचं नाव आपल्याला ठाऊक आहे. त्याला मलकीसदेक मानलं तर लेखकाचा सगळा युक्तिवादच कोसळतो.

वंशाचा मुद्दा तुम्ही काढलात ते बरं केलंत. याजकपण हे कागदोपत्री काम होतं. बाबेलच्या बंदिवासातून लोक परतले तेव्हा काही याजक घराण्यांना आपली वंशावळ नोंदीत सापडेना. एज्राच्या दुसऱ्या अध्यायात त्यांना सरळ याजकपणातून वगळलंय. नोंद नाही, तर सेवा नाही. यहूदाचा राजा उज्जीया, चांगला बलाढ्य राजा, एकदा धूप जाळायला मंदिरात शिरला. अजऱ्या याजक ८० जणांना घेऊन त्याच्या मागोमाग आत गेला आणि त्याला अडवलं. राजा संतापला, आणि त्याच क्षणी त्याच्या कपाळावर कोड उठलं. येशू त्याच यहूदा वंशातला. इब्री पत्र ही अडचण झाकत नाही. आठव्या अध्यायात स्वच्छ म्हटलंय की तो पृथ्वीवर असता तर याजक झालाच नसता.

मग त्याचं याजकपण कशावर उभं आहे? सातव्या अध्यायाचं उत्तर असं: न संपणाऱ्या जीवनाच्या बळावर. पहिला प्रमुख याजक अहरोन, त्याच्या घराण्यात याजक पुष्कळ झाले, कारण ते मरत होते. इथे मला पाळी बदलताना वॉर्डात होणारी गडबड आठवते. सकाळच्या सिस्टरला रुग्णाने सगळं सांगितलेलं असतं, कुठे दुखतं, कशाची भीती वाटते. दुपारी नवी सिस्टर येते. नोंदवहीत चार ओळी असतात, पण भीती काही वहीत उतरत नाही. बिचारा पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. तिसऱ्या दिवशी सांगणंच सोडून देतो. इब्री पत्राचा आनंद एवढाच आहे की या याजकाची पाळी बदलत नाही.

एक गोष्ट माझ्याकडून जोडते. लूकने 'याजक' हा शब्द येशूला लावला नाही, पण त्याच्या शुभवर्तमानाची दोन टोकं पाहा. सुरुवातीला जखऱ्या याजक धूप जाळायला मंदिरात गेलेला, लोक बाहेर ताटकळत उभे. तो बाहेर येतो तर वाचाच गेलेली, नुसत्या खुणा करतोय. याजकाने द्यायचा आशीर्वाद त्या दिवशी लोकांच्या कानी पडलाच नाही. शेवटच्या अध्यायात येशू शिष्यांना बेथानीपर्यंत नेतो, हात वर करतो आणि आशीर्वाद देता देताच वर घेतला जातो. लूकने हे मुद्दाम जुळवलं की नाही, यावर तुमच्या गटाने आणखी तीन आठवडे घालवायला माझी हरकत नाही.

देव प्रेमळ बाप आहे असंही शिकवता आणि मध्ये मध्यस्थ लागतो असंही. बापाला भेटायला वशिला कशाला?

शब्द झोंबणारा निवडलात, पण चुकीचा. वशिला लागतो तो आतल्या माणसाच्या मनात नसतं म्हणून. कुणीतरी ओळखीचा त्याच्या कानाशी लागतो आणि नाखुशीने काम होतं. इब्रीच्या पाचव्या अध्यायात उलट आहे. ख्रिस्ताने हा मान आपण होऊन घेतला नाही. ज्याने 'तू माझा पुत्र आहेस' म्हटलं, त्यानेच 'तू युगानुयुग याजक आहेस' असंही म्हटलं. नेमणूकच आतून झालेली. आणि ख्रिस्ताने प्राण सोडला तेव्हा मंदिराचा पडदा फाटला तो वरून खालपर्यंत. खालून वर फाटला असता तर तुमच्या शंकेत थोडा दम असता.

आदरणीय ताई, कृपया नाव छापू नका. वडील गेल्यावर त्यांच्या कपाटात मला एक कागद सापडला. बहिणीला जास्त वाटा द्यावा असं त्यांनी लिहून ठेवलं होतं. सही नव्हती, म्हणजे कायद्याने त्याला किंमत नव्हती, पण अक्षर त्यांचंच होतं. मी तो फाडला. त्याला १९ वर्षं झाली. दर प्रभुभोजनाआधी क्षमा मागतो, पण ती मिळाली असं एकदाही वाटलेलं नाही. ख्रिस्ताचं अर्पण एकदाच आणि सर्वांसाठी पुरलं असं इब्री पत्र म्हणतं. मग ते माझ्याच बाबतीत का पुरत नाही?

भाऊ, तुमचं पत्र मी तीन दिवस जवळ ठेवलं होतं.

आधी निवासमंडपात जाऊ, म्हणजे मंदिर बांधण्याआधीच्या उपासनेच्या तंबूत. आत काय काय होतं ते मोजा. अंगणात होमवेदी आणि पितळेचं गंगाळ. पवित्रस्थानात भाकरींचं मेज, सोन्याचा दीपवृक्ष, धूपवेदी. पडद्याआड कराराचा कोश, म्हणजे देवाच्या आज्ञांच्या पाट्यांची पेटी. निर्गमात यांतल्या बहुतेक वस्तूंची लांबी-रुंदी हाताच्या मापात दिली आहे, कड्या आणि दांडेसुद्धा सुटलेले नाहीत. पण याजकाला बसायला काहीही नाही, साधा चौरंगसुद्धा नाही. कोशाच्या झाकणाला आपण दयासन म्हणतो, नावातच आसन आहे, पण त्यावर टेकण्याची कुणाची छाती नव्हती. वर्षातून एकदा, सातव्या महिन्याच्या दहाव्या दिवशी, प्रमुख याजकाने तिथे रक्त शिंपडायचं आणि बाहेर यायचं. आता इब्रीच्या दहाव्या अध्यायातली ११ आणि १२ ही वचनं वाचा. प्रत्येक याजक रोज सेवा करत उभा असतो, तीच ती अर्पणं पुन्हा पुन्हा करतो. याने मात्र पापांसाठी एकच अर्पण केलं आणि तो देवाच्या उजवीकडे बसला.

'उभा' आणि 'बसला'. हे दोन शब्द मला नोकरीच्या चौदाव्या वर्षी दिसले. त्याआधी ते वचन मी कितीदा वाचलं असेल, देव जाणे.

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी, रात्रपाळीत, शेजारशेजारच्या दोन खाटांवर एकाच आडनावाचे दोन रुग्ण होते. एकाची रक्तदाब उतरवणारी गोळी मी दुसऱ्याला दिली. अर्ध्या तासात त्याला दरदरून घाम फुटला, दाब झपाट्याने उतरला. डॉक्टरांना बोलावलं, पाय उंच केले, सलाइन लावलं. काय झालं ते तिथल्या तिथे सांगितलं आणि वहीत माझ्या सहीने लिहिलं. पहाटेपर्यंत तो माणूस सावरला. सकाळी मी त्याची माफी मागितली तर म्हणाला, "सिस्टर, झोप चांगली लागली." त्याच्या लेखी विषय तिथे संपला.

माझ्या लेखी नाही. पुढची ११ वर्षं प्रत्येक रात्रपाळीला निघण्याआधी मी गुडघे टेकून त्याच गोळीची क्षमा मागत असे. याला मी भक्ती समजत होते. मग एका रात्री, दोनच्या फेरीनंतर, उभ्या उभ्याच ते वचन वाचलं आणि 'उभा' या शब्दावर अडकले. माझेही पाय दुखत होते, त्यामुळेही असेल. मला कळलं की मी स्वतःच वेदीपाशी उभी आहे. रोज तेच अर्पण चढवते आहे, आणि ते अर्पण म्हणजे माझा पश्चात्ताप. जितकी जास्त रडेन तितकं देवाला पटेल, असा हिशेब. त्याच अध्यायाचं तिसरं वचन म्हणतं की त्या अर्पणांनी दरवर्षी पापांची आठवण तेवढी होत असे. माझ्या रडण्याने नेमकं तेवढंच होत होतं. त्या रात्री मी खुर्ची ओढली आणि पाच मिनिटं बसले. कामावर असताना बसणं बरं नव्हे, पण बसले.

इथवरची गोष्ट तुमची-माझी सारखी. पुढे ती वेगळी होते. मी त्याच रात्री सांगितलं होतं. तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं, बहिणीला सांगितल्याचं त्यात कुठे नाही.

लेवीय पुस्तक आपण रक्ताचं आणि चरबीचं पुस्तक म्हणून चाळून सोडून देतो. पण शेजाऱ्याचं काही दाबून ठेवलं असेल तर काय करायचं, ते सहाव्या अध्यायात दिलंय. मूळ रक्कम भरायची, वर पाचवा हिस्सा घालायचा, आणि ज्याचं आहे त्याच्या हाती द्यायचं, आपल्या दोषार्पणाच्या दिवशीच. मेंढा याजकाकडे न्यायचा तो त्यानंतर. याजक ती रक्कम स्वतःकडे घेऊन 'बरं, तुमच्या बहिणीचं मी बघतो' असं म्हणत नाही. प्रभू येशूनेही डोंगरावरच्या प्रवचनात हेच सांगितलं: वेदीजवळ आठवलं तर अर्पण तिथेच ठेव, आधी जा, समेट कर. तुम्हाला १९ वर्षं दर वेळी वेदीजवळच आठवतंय, आणि तुम्ही दर वेळी अर्पण पुरं करून घरी जाताय.

ख्रिस्ताचं अर्पण पुरत नाही असं नाही, भाऊ. तुम्ही त्याच्याकडून बहिणीला लिहायच्या पत्राचं काम करून घेऊ पाहताय. ते त्याचं काम नाही. ती अस्वस्थता काढून टाकायची औषधं माझ्याकडे मागू नका; तापावर गोळी देऊन गळू तसंच ठेवल्यासारखं होईल.

जाल तेव्हा हिशेब करून, रक्कम तयार ठेवून जा. नुसते अश्रू घेऊन गेलात तर तिलाच तुमची समजूत काढावी लागेल, आणि वाटा बुडालेल्या माणसावर तो भार टाकणं बरं नाही. ती रागावेल. कदाचित बोलणं बंद करेल. ती लगेच क्षमा करील असं आश्वासन मी देत नाही, तसं वचन शास्त्रातही मला आढळलेलं नाही. पण इब्रीच्या नवव्या अध्यायाच्या १४व्या वचनात लिहिलंय की ख्रिस्ताचं रक्त विवेकबुद्धी शुद्ध करतं ते जिवंत देवाची सेवा करण्यासाठी. शुद्ध झालेली विवेकबुद्धी उठून दारापर्यंत जाते. गेलात की मला कळवा. नाही गेलात तरी कळवा.

ख्रिस्त बसला असेल, तर मग आता तो करतो काय?

शस्त्रक्रिया आटोपल्यावर डॉक्टर खुर्चीत बसले म्हणून घरी गेले असं होत नाही. अर्पण संपलं, आपल्यासाठी विनंती करणं संपलेलं नाही, इब्री ७:२५ पाहा. विश्वासासाठी मारल्या गेलेल्या स्तेफनाला दगडमार होण्याआधी आकाश उघडलेलं दिसलं तेव्हा मनुष्याचा पुत्र उभा होता, असं प्रेषितांची कृत्ये सांगतात. का उभा होता, यावर विद्वानांनी बरंच लिहिलंय. मला वाटतं, आपलं माणूस दारात आलं की आपणही उठतोच.

काही मंडळ्यांत सेवकाला याजक म्हणतात, आमच्यात पाळक म्हणतात. याजक एकच असेल तर बरोबर कोण?

नव्या करारात मंडळीच्या सेवकांना वडील, अध्यक्ष, सेवक अशी नावं आहेत. 'याजक' हे पदनाम त्यांना दिलेलं नाही. ते दिलंय सगळ्या विश्वासणाऱ्यांना मिळून, १ पेत्र २:९ मध्ये. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स मंडळ्या याजक म्हणतात तेव्हा ख्रिस्ताच्या एकाच याजकपणातला सहभाग असा अर्थ धरतात, दुसरा याजक असा नव्हे. मी प्रोटेस्टंट घरात वाढले, त्यामुळे माझा कल उघड आहे. पण माझ्या सोबत रात्रपाळी करणाऱ्या एका कॅथलिक सिस्टरने मरणाऱ्या माणसाजवळ बसावं कसं हे मला शिकवलं, म्हणून मी या वादात आवाज चढवत नाही.

मावशी, माझं वय २६. आई ६१ वर्षांची आहे. विस्मरणाच्या आजाराला सहा वर्षं झाली. जिने मला प्रभूची प्रार्थना शिकवली, तिला आता ती येत नाही. येशूचं नाव घेतलं तर "कोण?" असं विचारते. परवा प्रार्थनागटात एक जण म्हणाले, "शेवटपर्यंत धरून राहील तोच तरेल." आईच्या हातून तर सगळंच सुटलंय. मी काय समजू?

बाळ, त्या गृहस्थांना माझा सलाम सांग, आणि वचन घेऊन रुग्णाच्या खोलीत शिरताना आधी हात धुवायला सांग.

धरून राहा असं इब्री पत्रातही आहे, मी ते टाळणार नाही. १०:२३. पण त्याच वाक्यात कारण दिलंय: ज्याने वचन दिलं तो विश्वसनीय आहे. भार कुणाच्या हातावर टाकलाय, बघ.

निर्गमाच्या २८व्या अध्यायात प्रमुख याजकाची वस्त्रं आहेत. छातीवर ऊरपट, त्यावर चार ओळींत १२ रत्नं, प्रत्येकावर इस्राएलाच्या एकेका वंशाचं नाव. शाईने लिहिलेलं नव्हे, मुद्रा कोरतात तसं कोरलेलं. दोन्ही खांद्यांवर आणखी दोन रत्नं, त्यांवर सहा-सहा नावं. पवित्रस्थानात जाताना ही नावं त्याने हृदयावर वागवायची. आता विचार कर, त्या वेळी ती माणसं कुठे असत? आपापल्या तंबूंत. कुणी झोपलेलं, कुणी तापाने फणफणलेलं, कुणी दोन दिवसांचं बाळ, ज्याला देव म्हणजे काय तेही ठाऊक नाही. असेल एखादी म्हातारी, तुझ्या आईसारखी, स्वतःचा वंश विसरलेली. तिला तिचं नाव आठवत नव्हतं म्हणून रत्नावरची अक्षरं पुसली गेली नाहीत. आत नेणाऱ्याच्या छातीवर ती होतीच.

आणि येशूचा शिष्य पेत्र आठव. "तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी विनंती केली आहे," असं प्रभूने त्याला सांगितलं ते कोंबडा आरवायच्या आधी. मग पेत्र तीनदा म्हणाला, मी त्याला ओळखत नाही. तुझी आई "कोण?" म्हणते ते आजारामुळे. पेत्राला तर सगळं नीट आठवत होतं.

यशयाच्या ४९व्या अध्यायात देव विचारतो, आई आपल्या तान्ह्या बाळाला विसरेल काय? आणि पुढे म्हणतो, कदाचित विसरेलही, पण मी तुला विसरणार नाही; पाहा, मी तुला आपल्या तळहातांवर कोरून ठेवलं आहे. इतकी वर्षं मी हे वाचताना आईचं विसरणं ही निव्वळ बोलण्याची तऱ्हा समजत होते. तुझं पत्र आलं तेव्हा कळलं, काही घरांत ते अक्षरशः घडतं.

आता हातांनी करायचं काम सांगते. तिची तोंडी परीक्षा घेऊ नकोस. "येशू कोण, सांग?" असं विचारणं बंद कर; उत्तर आलं नाही की तुला रडू येतं, आणि तुझा चेहरा पाहून ती घाबरते. प्रभूची प्रार्थना तिच्या जवळ बसून तूच म्हण, सावकाश, तिच्या वाटचीही. जुनी गीतं गा. आमच्या वॉर्डात एक आजी होत्या, पोटच्या मुलांना ओळखत नव्हत्या, पण गीताची पहिली ओळ कुणी म्हटली की दुसऱ्या ओळीला त्यांचे ओठ हलायचे. तुझ्या आईचे हलतील की नाही, मी सांगू शकत नाही. नाही हलले तरी गा.

आणि रात्री निजवताना तिच्या डोक्यावर हात ठेवून गणनेच्या सहाव्या अध्यायातला आशीर्वाद म्हण, परमेश्वर तुला आशीर्वाद देवो आणि तुझे रक्षण करो, तो पूर्ण. तो याजकांनी द्यायचा होता. पेत्राने आपल्या सगळ्यांना याजकगण म्हटलंय, तेव्हा त्या खोलीत ते काम तुझ्याकडे आहे.

तुझ्या पत्रावर रात्री पावणेतीनची वेळ टाकली आहेस. तिच्याजवळ रात्री आणखी कोण असतं, आणि तू झोपतेस कधी, हे पुढच्या पत्रात आधी लिही.